कूलंटची टाकी गळतेय? घाट चढण्याआधी काय करता येतं आणि काय अजिबात करू नये

मे महिना. मुंबईहून नाशिककडे निघालेली गाडी कसाऱ्याच्या पायथ्याशी आलीय. एसी चालू, मागे सामान, गाडीत पाच जण. आणि चहासाठी थांबल्यावर लक्षात येतं की गाडीखाली हिरवट किंवा गुलाबी पाण्याचं थारोळं साचलंय. बॉनेट उघडलं तर कूलंटची टाकी अर्धी रिकामी आणि तिच्या कडेला बारीकशी चीर.

पुढे घाट आहे. हाच चढ चढताना रेल्वेच्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, कारण तिथला रुळांचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्यावरच्या गाडीला मागून ढकलायला कुणी नसतं. सगळा ताण एकाच इंजिनावर येतो आणि त्याला थंड ठेवणारं पाणीच गळत असतं.

अशा वेळी आजूबाजूचे दहा जण दहा उपाय सांगतात. कुणी हळद टाका म्हणतं, कुणी एम-सील लावा, कुणी झाकण सैल ठेवा. यातले काही उपाय खरंच कामी येतात, काही फुकट जातात, तर काहींमुळे हात भाजू शकतो किंवा इंजिन कायमचं खराब होऊ शकतं. कोणता उपाय चालेल, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं : तुमच्या गाडीची टाकी दाबाची आहे की बिनदाबाची. तेच आधी समजून घेऊ.

ही टाकी नेमकं करते काय?

इंजिन चालू असताना त्यातलं कूलंट साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण, त्यात गंज रोखणारी रसायनं असतात. ते इंजिनातली उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जातं, तिथे वाऱ्याने थंड होतं आणि पुन्हा इंजिनात येतं.

तापलं की ते फुगतं. फुगलेल्या कूलंटला जायला जागा हवी, म्हणून ही प्लॅस्टिकची टाकी. गाडी थंड झाली की तेच कूलंट आकसतं आणि टाकीतून परत जातं. टाकीवरच्या ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या दोन रेषांमधली मोकळी जागा या फुगण्या-आकसण्यासाठीच असते. म्हणूनच टाकी गळ्यापर्यंत भरणं चूक आहे.

आता दाबाचा मुद्दा. घरातला प्रेशर कुकर आठवा. कुकरमध्ये दाब वाढतो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं आणि डाळ लवकर शिजते. गाडीतही हेच तत्त्व आहे. कूलिंगच्या झाकणात एक स्प्रिंग असलेली झडप असते. ती बऱ्याच गाड्यांत साधारण १ बारच्या आसपास दाब धरून ठेवते. त्यामुळे कूलंट शंभरी ओलांडली तरी उकळत नाही.

दाब गेला की हे संरक्षण गेलं. त्यात नाशिक आणि इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहेत. इथे उघड्या भांड्यातलं साधं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. म्हणजे टाकीला चीर पडून दाब निघून गेला आणि आत नुसतं पाणी असेल, तर इंजिनाच्या रोजच्या तापमानालाच ते उकळायला लागू शकतं. चीर केसाएवढी असली तरी ती दुर्लक्ष करण्यासारखी का नसते, ते यावरून कळेल.

तुमची टाकी कोणत्या प्रकारची?

ओळखायला एक मिनिट लागतं. फक्त गाडी थंड असताना बघा.

बिनदाबाची टाकी : रेडिएटरच्या डोक्यावर धातूचं गोल झाकण असतं. तिथून एक बारीक नळी बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जाते. त्या बाटलीचं झाकण हलकं असतं, नुसतं दाबून बसवलेलं. मारुती ८०० किंवा जुन्या आल्टोमध्ये अशी व्यवस्था होती. इथे दाब रेडिएटरच्या झाकणापाशी थांबतो, बाटलीत दाब नसतो. मेकॅनिक हिला ‘रिझर्व्ह टाकी’ किंवा ‘कूलंट बॉटल’ म्हणतात.

दाबाची टाकी : रेडिएटरवर झाकणच नसतं. सगळं कूलंट टाकीतूनच भरायचं असतं. टाकी जाड प्लॅस्टिकची, बहुतेकदा गोलसर आकाराची असते. तिचं झाकण आट्यांचं असतं आणि त्यावर गरम असताना उघडू नका अशी सूचना किंवा चित्र असतं. तिला जाडसर होज पाइप जोडलेले असतात. आजच्या बऱ्याच गाड्यांत अशीच टाकी असते. संपूर्ण यंत्रणेचा दाब तिच्यावर असतो.

बिनदाबाची टाकी फुटली तर हातात वेळ असतो. रेडिएटर भरलेला असेल तर गाडी सांभाळून बरंच अंतर जाऊ शकते. दाबाची टाकी फुटली तर मात्र ती थेट कूलिंगची मुख्य वाहिनीच फुटल्यासारखं आहे. तिथे तात्पुरती दुरुस्ती म्हणजे जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्याची सोय. त्या दुरुस्तीवर पुढचा प्रवास करायचा नाही.

पहिला अर्धा तास हात लावू नका

गळती दिसली किंवा तापमानाचा काटा वर गेला की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. एसी बंद करा, हॅझर्ड लाइट लावा, इंजिन बंद करा. बॉनेटच्या फटीतून वाफ येत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका, वाफ ओसरू द्या.

मग थांबा. किमान ३० ते ४५ मिनिटं. हीच पायरी सगळ्यांना नकोशी वाटते आणि सगळ्यात जास्त अपघात इथेच होतात. आत शंभरीच्या वर तापलेलं कूलंट दाबाखाली असतं. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात सुटतो, त्याच क्षणी आतलं पाणी उकळतं आणि वाफेसकट चेहऱ्यावर, छातीवर, हातांवर उडतं. शिटी न काढता कुकर उघडण्यासारखाच हा प्रकार आहे.

थंड झालं की नाही, हे कसं कळेल? वरचा जाड होज पाइप आधी हाताच्या मागच्या बाजूने हलकेच तपासा. तो कोमट असेल आणि दाबल्यावर मऊ लागला, तर दाब उतरला आहे. कडक लागला तर अजून थांबा. उघडताना झाकणावर जाड फडकं टाका, चेहरा लांब ठेवा, झाकण थोडंसंच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा.

अजून एक चूक हमखास होते. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतणं. गरम धातूवर अचानक थंड पाणी पडलं की सिलिंडर हेडला चीर जाऊ शकते किंवा ते वाकू शकतं. इंजिन निवल्यावरच पाणी घाला आणि तेही हळूहळू.

गळती खरंच टाकीतूनच आहे का?

गाडीखाली पाणी दिसलं म्हणजे टाकीच फुटली असं नाही. आधी हे बघा.

रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही आणि एसी चालू होता : हे एसीचं पाणी आहे. काळजीचं कारण नाही.

रंगीत, बोटांना किंचित चिकट आणि गोडसर वासाचं : कूलंट आहे. चव मात्र घेऊन बघू नका, ते विषारी असतं.

टाकी बाहेरून पुसून कोरडी करा आणि पाहा. जिथे पुन्हा ओल येते, तिथे गळती. सुकलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत थरही जागा दाखवतो. साधारण या पाच ठिकाणी शोधायचं :

१. टाकीचे दोन भाग जिथे जोडलेले असतात ती आडवी शिवण.
२. होज पाइप जिथे बसतो ते तोंड.
३. होजवरचा क्लॅम्प सैल झाला असेल तर तिथे.
४. टाकी बॉडीला जिथे स्क्रूने बसवलेली असते ते कान. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी इथे चीर पडते.
५. झाकणाच्या आतलं रबर चिरलं असेल तर झाकणाच्या कडेने.

उंदरांनी कुरतडलेला होज पाइप ही शहरातल्या पार्किंगमधली नेहमीची गोष्ट आहे. टाकी चांगली असते आणि दोष बिचारीच्या माथी येतो. तेव्हा पाइप पूर्ण लांबीने हात फिरवून तपासा.

टाकीला कुठेच चीर नाही आणि तरी कूलंट वरून उतू जातंय, तर कारण वेगळं असू शकतं. टाकी जास्त भरलेली असेल, झाकण बिघडलं असेल किंवा हेड गॅस्केट उडालं असेल. कूलंटमध्ये सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर किंवा इंजिन ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं दिसलं, तर टाकीवर वेळ घालवू नका. गाडी चालवू नका, टो करा.

तात्पुरते उपाय : कोणता कधी चालतो?

क्लॅम्प आणि होजची गळती

सगळ्यात सोपं काम. क्लॅम्प स्क्रू ड्रायव्हरने घट्ट करा, पण बेताने. जास्त आवळलं तर टाकीचं प्लॅस्टिकचं तोंडच तुटतं. होजच्या टोकाला चीर असेल आणि होजला लांबी शिल्लक असेल, तर चिरलेला तुकडा ब्लेडने सरळ कापून टाका आणि होज पुन्हा बसवा.

मधेच चीर असेल तर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप कामाची. तिला गोंद नसतो. ओढून ताणत गुंडाळली की तिचे थर एकमेकांत मिसळून एकसंध होतात. त्यामुळे गोल होजवर ती उत्तम बसते. ती नसेल तर जवळच्या पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी घ्या, ताणून चार-पाच वेढे द्या आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प किंवा तार आवळा. ही पट्टी काही किलोमीटरची पाहुणी आहे, हे लक्षात ठेवा.

चीर टाकीच्या वरच्या भागात असेल तर

बिनदाबाच्या टाकीला काही न चिकटवताही काम भागतं. पातळी चिरेच्या खाली ठेवा, म्हणजे ‘मिन’ रेषेच्या जरा वर. जास्त भरूच नका. रेडिएटर मात्र झाकणापर्यंत भरलेला हवा आणि त्याचं झाकण नीट बसलेलं हवं.

दाबाच्या टाकीत ही युक्ती अर्धीच चालते. पाणी कमी गळेल, पण वरच्या चिरेतून दाब निघून जाईल आणि कूलंट लवकर उकळेल.

एम-सीलसारखी पुट्टी

हा सगळ्यात लोकप्रिय उपाय आणि सगळ्यात जास्त फसणाराही. कारण बहुतेक टाक्या पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या असतात. हे प्लॅस्टिक मेणासारखं असतं, त्याला काहीच नीट चिकटत नाही. टाकीच्या तळाशी किंवा मागे ‘पीपी’ची खूण असेल तर ते हेच. ‘पीए’ने सुरू होणारी खूण असेल तर ते नायलॉन, त्यावर पुट्टी तुलनेने बरी धरते.

लावायचीच असेल तर घाई करू नका. टाकी शक्यतो बाहेर काढा, रिकामी करा. साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. ओलसर किंवा तेलकट जागेवर पुट्टी अजिबात बसत नाही. चिरेच्या आजूबाजूला दोन-तीन सेंटिमीटर जागा पॉलिश पेपरने चांगली खरबरीत करा. जमल्यास चिरेच्या दोन्ही टोकांना छोटी भोकं पाडा, म्हणजे चीर पुढे पळत नाही. पुट्टीचे दोन्ही भाग एकच रंग येईपर्यंत मळा आणि चिरेत दाबून बसवा. बाहेरून रुंद थर द्या. पाकिटावर जितका वेळ लिहिलाय तितका वाळू द्या, कमी नाही. शक्य असेल तर वरून टाकीभोवती सिलिकॉन टेपचे वेढे घ्या, म्हणजे पुट्टी सुटली तरी जागेवर राहील.

बिनदाबाच्या टाकीवर अशी पुट्टी काही दिवस टिकू शकते. दाबाच्या टाकीवर ती पहिल्याच चढाला उडाली तर आश्चर्य वाटू देऊ नका.

प्लॅस्टिक वितळवून जोडणं

पॉलिप्रॉपिलीनला गोंद धरत नाही, पण ते उष्णतेने वितळून जोडलं जातं. म्हणून अनुभवी मेकॅनिक गरम सोल्डरिंग आयर्नने चिरेच्या दोन्ही कडा वितळवून एकमेकांत मिसळतात आणि वरून त्याच प्लॅस्टिकचा थर देतात. इथे अट एकच : भरायचं प्लॅस्टिक तेच हवं. केबल टाय नायलॉनचे असतात, ते पीपीच्या टाकीत मिसळत नाहीत. जुन्या फुटलेल्या टाकीचा तुकडा सगळ्यात चांगला.

हे काम टाकी काढून, रिकामी आणि कोरडी करून, मोकळ्या हवेत करायचं असतं. नवीन टाकी यायला दोन-चार दिवस लागणार असतील तर हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय. तरी दाबाच्या टाकीवरची वेल्डिंग नवीन टाकी येईपर्यंतच.

बाटलीची बदली टाकी

ही फक्त बिनदाबाच्या व्यवस्थेसाठी. टाकी पूर्ण फुटली असेल तर रेडिएटरची बारीक नळी दुसऱ्या बाटलीत सोडता येते. पाण्याची पातळ बाटली गरम कूलंटने मऊ पडते आणि आकसते, म्हणून कूलंटचाच किंवा ऑइलचा स्वच्छ धुतलेला जाड रिकामा डबा घ्या. नळीचं टोक तळापर्यंत बुडालेलं हवं, नाहीतर इंजिन थंड होताना पाण्याऐवजी हवा ओढली जाईल. डब्याच्या झाकणाला हवेसाठी छोटं भोक ठेवा. डबा पंखा, बेल्ट आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यापासून लांब, घट्ट बांधा.

दाबाच्या टाकीच्या जागी असं काहीही लावू नका.

हे जुगाड नकोच

हळद, मिरपूड, अंड : रेडिएटर गळाला की त्यात हळद टाकायची, हा जुन्या चालकांचा उपाय. त्यामागे थोडं तर्कशास्त्र आहे. बारीक कण वाहत जाऊन रेडिएटरच्या सूक्ष्म छिद्रात अडकतात. पण टाकीची चीर त्यामानाने मोठी असते, हादऱ्याने उघडमीट होते आणि तिथे प्रवाहही तसा नसतो. हळद टाकी सोडून हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. बाजारात मिळणाऱ्या ‘लीक स्टॉप’ रसायनांचंही साधारण असंच आहे. ती टाकीच्या चिरेसाठी बनलेली नाहीत.

फेविक्विक आणि तत्सम गोंद : पीपी प्लॅस्टिकला धरत नाहीत. वाळल्यावर ठिसूळ होतात आणि उष्णतेने सुटतात.

सेलोटेप, इलेक्ट्रिकची टेप, ग्लू गन : टेपचा गोंद ओल आणि उष्णता दोन्हींसमोर हार मानतो. ग्लू गनचा गोंद तर उष्णतेनेच वितळणारा असतो.

झाकण सैल ठेवणं : दाबाच्या टाकीत झाकण थोडं सैल ठेवलं की आत दाब साचत नाही, त्यामुळे चिरेतून गळती कमी होते. हे खरं आहे. पण त्याची किंमत म्हणजे कूलंट शंभरीच्या आसपास उकळणार आणि झाकणातून उतू जाणार. सपाट रस्त्यावर, हळू वेगात, समोर दिसणाऱ्या गॅरेजपर्यंत ही युक्ती चालू शकते. घाटात, भर उन्हात किंवा गाडी भरलेली असताना नाही.

पाणी कोणतं टाकायचं?

पहिली पसंती तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं कूलंट. एक लक्षात ठेवा, कूलंटचा रंग हा प्रमाणित नसतो. दोन कंपन्यांचं हिरवं कूलंट वेगळ्या रसायनांचं असू शकतं आणि चुकीची दोन कूलंट मिसळली तर आत चिकट गाळ होऊ शकतो. खात्री नसेल तर अडचणीच्या वेळी दुसरं कूलंट टाकण्यापेक्षा पाणी बरं.

पाण्यात डिस्टिल्ड वॉटर सगळ्यात चांगलं. ते पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मिळतं. घेताना ते पाणीच आहे, बॅटरीचं ॲसिड नाही, हे लेबल वाचून पक्कं करा. ते नसेल तर बाटलीबंद पाणी. तेही नसेल तर जे स्वच्छ पिण्याचं पाणी मिळेल ते. बोअरचं जड पाणी शेवटचा पर्याय, कारण त्यातले क्षार आत पापुद्र्यासारखे साचतात. पण इंजिन कोरडं चालवण्यापेक्षा बोअरचं पाणीही चांगलंच.

पाणी टाकलं असेल तर गॅरेजमध्ये ते आठवणीने सांगा. पातळ झालेलं कूलंट लवकर उकळतं आणि गंजही रोखत नाही. सगळं काढून योग्य मिश्रण पुन्हा भरावं लागतं.

निघायचं की टो बोलवायची?

दुरुस्ती झाल्यावर लगेच निघू नका. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरा आणि इंजिन १० मिनिटं उभ्या जागी चालू ठेवा. काटा मधोमध येऊ द्या.

कागद कोरडा आहे किंवा क्वचित एखादा थेंब पडतोय : जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही.

थेंबाथेंबाने सतत गळतंय : पाच-सहा लिटर पाणी सोबत असेल, रस्ता सपाट असेल आणि गॅरेज जवळ असेल तरच निघा.

धार लागलीय, १० मिनिटांत पातळी ‘मॅक्स’वरून ‘मिन’वर आली किंवा काटा लाल रेषेकडे सरकतोय : टो करा. इथे वाद नको.

हिशेब साधा आहे. प्लॅस्टिकची टाकी गाडीप्रमाणे काही शे ते काही हजार रुपयांत येते. इंजिन तापून हेड वाकलं किंवा गॅस्केट गेलं, तर खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. आणि विम्याच्या साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि त्यातून पुढे होणारं नुकसान धरलं जात नाही. तुमच्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का, हे मात्र जरूर तपासा. टो त्यातच मिळू शकते. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. जीवाला धोका असेल तर ११२.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर वरचा कोणताही उपाय करू नका. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला कूलंट असतं आणि जवळच उच्च दाबाची वीज. थेट कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा.

घाटात आणि समृद्धीवर काय लक्षात ठेवायचं?

नाशिकच्या कोणत्याही दिशेला निघालात तरी चढ लागतोच. मुंबईहून परतताना कसारा, पुण्याच्या वाटेवर संगमनेरजवळ चंदनापुरी, धुळ्याच्या वाटेवर चांदवडजवळ राहुड, आणि नांदुरीहून सप्तशृंगी गड. दुरुस्त केलेली टाकी घेऊन घाट चढायचा नाही, हा पहिला नियम. गॅरेज घाटाच्या अलीकडे शोधा, पलीकडे नाही.

चालवावीच लागली तर एसी बंद ठेवा. काटा वर जायला लागला तर हीटर पूर्ण चालू करा, पंखा जोरात आणि काचा खाली. मे महिन्यात ही शिक्षा वाटेल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची थोडी उष्णता बाहेर काढतो. वेग बेताचा, गिअर योग्य, ओव्हरटेक नाही. दर १० किलोमीटरवर थांबून बाहेरूनच टाकीतली पातळी बघा.

एक फसवी गोष्ट. काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं असं नेहमी नसतं. कूलंट पूर्ण संपलं की तापमानाचा सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा खोटा, कमी आकडा दाखवू शकतो. गळती असताना काटा अचानक पडला, हीटरमधून गरमऐवजी थंड हवा यायला लागली, तर ती सुटका नसून धोक्याची खूण आहे. लगेच थांबा.

मुंबईकडे जाताना कसारा उतार आहे, म्हणून इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरण्याचा मोह होतो. तसं कधीच करू नका. इंजिन बंद असलं की ब्रेक आणि स्टेअरिंग जड होतात आणि इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही.

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाल्यापासून अनेक नाशिककर घाट टाळून समृद्धी महामार्गाने जातात. तिथे अडचण वेगळी. याच टप्प्यात सुमारे ८ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा आहे आणि बाहेर पडण्याचे मार्ग एकमेकांपासून लांब आहेत. गळती माहीत असताना समृद्धीवर चढू नका. आधीच चढला असाल तर बोगद्यात शिरण्याआधी थांबा. गाडी कडेच्या पट्ट्यात पूर्ण बाजूला घ्या, मागे लांबवर त्रिकोण ठेवा, सगळ्यांना रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभं करा आणि मदत बोलवा. तिथे बॉनेटखाली वाकून पुट्टी मळत बसायची जागा नाही.

सांडलेल्या कूलंटचं काय?

बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं आणि म्हणूनच घातक. कुत्री, मांजरी, शेळ्या आणि गायी ते चाटतात. थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंडं निकामी करू शकतं. लहान मुलांनाही तोच धोका.

म्हणून काढलेलं कूलंट नाल्यात, शेताच्या पाटात किंवा नदीकाठी ओतू नका. जुन्या डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. जमिनीवर सांडलेल्यावर माती टाकून ती गोळा करा आणि मग जागा पाण्याने धुवा. कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच ठेवू नका. कुणी चुकून प्यायलं, तर त्रास दिसायची वाट न बघता लगेच रुग्णालयात न्या आणि कूलंटचा डबा सोबत ठेवा.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

तात्पुरत्या दुरुस्तीचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे ती टिकते. चार दिवस गळालं नाही की माणूस विसरतो आणि पुढच्या लांबच्या प्रवासात तीच चीर पुन्हा उघडते. म्हणून गॅरेजमध्ये ‘गळती थांबलीय, बघून घ्या’ एवढंच न सांगता या चार गोष्टी करून घ्या.

१. टाकी नवीन. चिकटवलेली नाही.
२. टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकणही तपासा, शंका असेल तर बदला. झाकण अडकल्याने दाब वाढूनच जुनी टाकी फुटली असेल, तर नवीनही फुटेल.
३. होज आणि क्लॅम्प तपासून प्रेशर टेस्ट. थंड इंजिनात पंपाने दाब भरून तो उतरतो का, हे बघतात. लपलेली गळती इथेच सापडते.
४. कूलंट पूर्ण बदलून आतली हवा काढणं. आत हवेचा फुगा राहिला तर टाकी भरलेली असूनही इंजिन तापतं.

प्लॅस्टिक वर्षानुवर्षं तापून-निवून ठिसूळ होतं. गाडी आठ-दहा वर्षांची झाली असेल, टाकी पिवळी पडली असेल, शिवणीपाशी पांढरट रेषा दिसत असतील, तर ती फुटण्याची वाट बघू नका. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना पातळी पाहायला अर्धा मिनिट लागतो. दर वेळी पातळी थोडी थोडी उतरत असेल, तर कुठेतरी गळती सुरू झालेलीच आहे. ती घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवून घ्या, घाटात ती तुम्हाला स्वतःच दिसेल.